माझा सायलेन्सर आणि तात्यांची चांदणी

आमची गाडी हळू पळते, हे मला ती घेऊन दोन वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. ते मला माझ्या साडूनं सांगितलं.

साडूंचे कबनूरला यंत्रमाग आहेत. मागांच्या खडखडाटात बोलायची सवय असल्यामुळं ते कुजबुजले तरी गल्लीभर ऐकू जातं. एका बारशाला आम्ही दोघं आपापल्या गाडीनं कोल्हापुरातून एकाच वेळी निघालो. मी पोचलो तेव्हा बाळाचं नाव ठेवून झालं होतं, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या आणि बाळ दुसऱ्यांदा झोपलं होतं. साडूंनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि कुजबुजले, "सर, गाडी देखणी हाय तुमची. पर तिच्यात दम न्हाय!"

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. (गाडीकडं नव्हे. माझ्याकडं!)

खरं तर आमची गाडी म्हणजे चार दारांची, मागं डिकी असलेली साधी घरगुती गाडी. दोन हजार सालाच्या आसपास मी ती सेकंडहँड घेतली. आईला दवाखान्यात, माझ्या बायकोला, म्हणजे शैलाला, निपाणीला माहेरी आणि मला शाळेत सोडणं, एवढंच तिचं काम. ते ती बिनतक्रार करायची. पण साडूंचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. त्यामुळं मला फसवणं फार सोपं होतं. साधा माणूस दुकानदाराला विचारतो, "हे कसं काय चालतं?" मी ते दुकानदारालाच समजावून सांगायचो!

उद्यमनगरच्या तोंडाशी पप्पू नावाच्या इसमाचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. त्यानं माझ्यासमोर एक लालभडक, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर ठेवला.

"ह्यो बसवा सर. धा टक्के पावर वाढती."

"वाढणारच," मी म्हणालो. "हवा जास्त गेली की ज्वलन पूर्ण होतं."

पप्पूनं आदरानं मान डोलावली. पुढच्या आठवड्यात मी गेलो तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "हवा जास्त गेली की जळन पूर्ण होतंय, साहेब. सायन्स हाय त्यात."

फिल्टरनंतर चार टोकांचे स्पार्क प्लग आले. पंधरा टक्के. मग पेट्रोलच्या नळीला बांधायचा लोहचुंबक आला. वीस टक्के! (पेट्रोलला चुंबक चिकटत नाही, हे मी त्याच वर्षी सातवी 'ब'ला शिकवलं होतं.) मग पंचवीस टक्क्यांचे रुंद टायर, आणि सगळ्यात शेवटी डिकीवर लावायचा तीस टक्क्यांचा एक भलामोठा पंख. पप्पूच्या टक्क्यांची बेरीज केली, तर एव्हाना माझी गाडी एकटी दोन गाड्यांना भारी पडायला हवी होती.

मी शास्त्रशुद्ध माणूस. शाळेच्या क्रीडाविभागातलं स्टॉपवॉच आणून दर नव्या वस्तूनंतर मी चाचणी घ्यायचो. शैला शेजारी घड्याळ आणि आकड्यांची वही (दोन्ही तिच्या पर्समध्येच असायचं) घेऊन बसायची आणि मी मोकळ्या रस्त्यावर गाडी शून्यापासून साठपर्यंत न्यायचो.

काही बसवायच्या आधी एकोणीस सेकंद लागले होते. फिल्टर बसवला, एकोणीस. प्लग बदलले, एकोणीस.

"नीट बघ," मी म्हणालो.

"नीटच बघितलं की. एकोणीस."

चुंबकानंतरही एकोणीस. रुंद टायर घातल्यावर वीस. पंख लावल्यावर एकवीस!

"अहो, ही गाडी उलटीकडनं सुधारतीय," शैला म्हणाली. चिडली की तिच्या तोंडात माहेरचं कानडी येतं. "साकु! पुरे आता!"

पण पप्पूचं निदान वेगळं होतं. "सर, श्वास आत घ्यायची सोय केली, बाहेर सोडायची कुठं केली? सायलेन्सर बदला. फ्री-फ्लो बसवा."

हे मला तंतोतंत पटलं. श्वसनसंस्था तर माझा आवडीचा धडा! उद्यमनगरात कागदावर चित्र काढून दिलं तर दुपारपर्यंत आगबोट करून देणारे कारागीर आहेत. त्यातल्या एकानं चकचकीत, मनगटाऐवजी मांडी जाईल एवढ्या तोंडाचा सायलेन्सर जोडून दिला. मी किल्ली फिरवली आणि उद्यमनगरातले लेथ ऐकू येईनासे झाले.

गल्लीत शिरलो तर लोक घागरी घेऊन बाहेर. त्यांना वाटलं पाण्याचा टँकर आला. आई दारात उभी राहून म्हणाली, "गाडीला खोकला झालाय व्हय रं? मला न्यायच्या आधी तिलाच दवाखान्यात न्हे!"

दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली. माझ्या कानांप्रमाणं गाडी बारा सेकंदांत साठला पोचली. घड्याळाप्रमाणं एकवीसच.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आम्हाला माझ्या धाकट्या बहिणीसाठी, विजूसाठी, स्थळ बघायला जायचं होतं. राधानगरी रस्त्यावरचं गाव, दुधाचा धंदा, मुलगा प्रकाश तालुक्याला नोकरीला. प्रकाश त्याच्या मामाबरोबर येऊन विजूला बघून गेला होता; त्याचे वडील, तात्या, म्हशी सोडून आले नव्हते. आता आम्ही घर बघायचं होतं. विजूला प्रकाश मनापासून आवडला होता. निघताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, तेवढं एसटीनं जावा की."

मी ऐकलं नाही. मुलीकडची माणसं कशी दणक्यात गेली पाहिजेत!

मी, शेजारी शैला, मागं आई. गाव जवळ आलं, रस्ता आत वळला. दिवाळी दोन-तीन आठवड्यांवर होती. एका तळ्याकाठी म्हशी बांधलेल्या दिसल्या. मी तिथून गेलो आणि मिनिटभरानं शैला म्हणाली, "अहो, मागनं एक म्हस यायला लागलीय."

"येऊ दे. पडेल मागं."

"पडंना झालीय."

मी आरशात बघितलं. काळीभोर, शिंगं मागं वळलेली, गळ्यात दावं आणि दाव्याला उपटलेला खुंटा! अशी एक म्हैस शेपटी वर करून आमच्या मागं पळत होती. मी ॲक्सिलरेटर दाबला. आवाज दुप्पट झाला. आवाज दुप्पट झाला तशी म्हैसही दुप्पट पेटली. गाडी मात्र होती तशीच!

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवतात, हे मला जन्मापासून माहीत होतं. मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल घेऊन पुढं आणि म्हैस तो आवाज ओळखून मागं. त्याचा सराव आधी महिनाभर चालतो, हेही माहीत होतं. फक्त आपण त्या क्षणी मालक झालोय, हे ध्यानात आलं नाही.

गावात शिरताना चढ लागला. पहिला गिअर टाकला. रुंद टायर आतल्या बाजूला घासायला लागले, पंख थडथड वाजायला लागला आणि म्हैस माझ्या बरोबरीला आली. तिनं मागच्या खिडकीतून आत डोकावलं.

"शैला, ही काच कशी वर घ्यायची गं? चाटतीया मला!" आई ओरडली.

मग म्हशीनं आम्हाला ओव्हरटेक केलं. चढावर! पुढं जाऊन ती रस्त्यात आडवी उभी राहिली. मी करकचून ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. आवाज थांबला तशी म्हैस गोंधळून इकडंतिकडं बघू लागली, आणि मागून लोकांचा आरडाओरडा ऐकू आला.

"म्हस पळवली! धरा, धरा!"

पंधरा-वीस माणसांनी गाडीला वेढा घातला. सगळ्यात पुढं फेटा बांधलेले एक धिप्पाड गृहस्थ होते.

"कुठलं पावणं? भरदिवसा म्हस पळवताय व्हय?"

"अहो, मी शिक्षक आहे!"

"मग? मास्तरास्नी दूध लागत न्हाय व्हय?"

"म्हैस आमच्या मागं लागली होती, आम्ही तिच्या नाही!"

"ती आमच्या गाडीबिगर कुणाच्या मागं जात न्हाय. आवाज चोरलाय तुमी!"

आवाज चोरल्याचा आरोप विज्ञानाच्या पुस्तकात कुठंच नव्हता. तेवढ्यात आई गालावरचा ओलावा पदरानं पुसत खाली उतरली. "आमी चोर न्हवं बाबा. पोरीसाठी घर बघाय आलोय. तात्यांचं घर कुठं हाय, तेवढं दावा. मग ह्याला काय करायचं ते करा."

फेटेवाल्यांनी म्हशीच्या दाव्याला हात घातला आणि खाली मान घालून म्हणाले, "मीच तात्या. आन् ही चांदणी."

मागं त्यांचा मुलगा उभा होता. तोच प्रकाश. तो तोंडावर रुमाल धरून हसत होता.

पुढचे दोन तास आम्ही घर बघायला गेलो होतो की गाव आमची गाडी बघायला आलं होतं, हे सांगता येणार नाही. चहा-पोहे झाले, पण लग्नाचा विषय कुणी काढेना. तात्या गाडीभोवती फिरत होते.

"सर, ह्यो पंख कशापायी?"

"गाडी फार वेगात गेली की उचलली जाते. पंखामुळं ती जमिनीला चिकटून राहते."

तात्यांनी बराच विचार केला. "मग ती वेगात कवा जाती?"

शैलानं शांतपणे पर्समधून वही काढली आणि सगळ्या चाचण्या तात्यांना वाचून दाखवल्या. तीस वर्षं म्हशी पारखलेल्या त्या माणसानं माझ्याकडं ज्या करुणेनं बघितलं, तसं आजवर कुणी बघितलेलं नाही.

निघताना नवीनच अडचण. गाडी चालू केली की चांदणी दावं तोडणार! शेवटी तिला दोन दावी लावून गोठ्यात कोंडलं आणि आमची गाडी, इंजीन बंद ठेवून, गावानं ढकलत नेली. आत मी, शैला आणि आई. मागं पंखाला धरून बाराजण, त्यात होऊ घातलेला नवरदेव. चढाचा आता उतार झाला होता. वाऱ्यानं आईचा पदर उडाला. खाली पोचल्यावर शैलानं हातातलं स्टॉपवॉच दाबलं.

"किती?" मला राहवेना.

"सतरा," ती म्हणाली. "आजवरचा सगळ्यात चांगला."

घरी आलो. विजूनं सगळं ऐकलं आणि ती माझ्याशी बोलायची बंद झाली. दोन दिवस नीट जेवलीसुद्धा नाही. मला खरंच वाईट वाटलं. एका लोखंडी नळकांड्यापायी मी बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. तिसऱ्या दिवशी मी माफी मागायला तात्यांना फोन लावणार, एवढ्यात त्यांचाच आला. आईनं घेतला. ती "व्हय", "व्हय की", "असं व्हय?" एवढंच म्हणत होती. फोन ठेवून तिनं आमच्याकडं बघितलं.

"पोरगी पसंत हाय म्हणाले. देणंघेणं कायबी नको."

विजूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"फकस्त," आई म्हणाली, "सायलेन्सर तेवढा पाडव्याच्या आत धाडा म्हणत्यात. चांदणीला त्याचाच आवाज आवडाय लागलाय. मोटारसायकल फिरवली तर ती जागची हालंना."

"म्हंजे माझं लग्न सायलेन्सरवर ठरलं?" विजू किंचाळली. पण हसत.

मी स्वतः पाने घेऊन गाडीखाली शिरलो. गावच्या वेल्डरनं तो सायलेन्सर तात्यांच्या मोटारसायकलला कसाबसा जोडला. पाडव्याला आम्ही सगळे तिकडं गेलो (एसटीनं!). चांदणीची शिंगं रंगवली होती, पाठीवर झूल होती आणि पायांत चाळ. तात्यांनी गाडी चालू केली आणि ती अशी सुटली की बाकीच्या म्हशी उभ्या राहून बघत बसल्या. पहिला नंबर! तात्यांनी मला गर्दीतून ओढून पुढं नेलं, फेटा बांधला, चांदणीच्या शेजारी उभं केलं आणि एका फोटोग्राफरनं आमचा तिघांचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला. मी शाळेत नेऊन सगळ्या शिक्षकांना दाखवणार होतो, म्हणून आधी खालची ओळ वाचली. 'विजेती म्हैस चांदणी, तिचे मालक व इतर.'

फोटोत इतर मी एकटाच होतो.