पहिल्या मानाचं दार

चिपळूणच्या शाळेत मी सातवीचा वर्ग घेत होते, तेव्हा ऑफिसात फोन आला. पोफळीच्या कॉलनीतून आप्पाकाका गेल्याची बातमी होती. आता महिना होऊन गेला. खरं सांगायचं तर आधी मनात आलं ते एवढंच, की आता त्या घरात कुणी कुणाला मारणार नाही... आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, वीजघरात फिटर. त्यांचा हात तोंडाआधी चाले. कामावरच्या एका माणसाचे दात त्यांनी पाडले होते. त्यांच्या मुलाचं मनगट मोडलं ते आंब्यावरून पडून नव्हे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण वडील गेल्यावर माझं शिक्षण त्यांनीच केलं, आणि माझ्यावर मात्र कधी हात उगारला नाही. या संतापाचं मूळ म्हणून घरात एकच गोष्ट सांगितली जाई, ती खेडजवळच्या आमच्या जुन्या घराची.

एकाच कौलांखाली दोन भावांची दोन बिऱ्हाडं, दोन दारं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. ती आधी कुठल्या दारी थांबायची यावरून एका वर्षी भांडण पेटलं आणि माझ्या आजोबांची दोन बोटं कोयतीनं तुटली. सख्ख्या भावानंच तोडली, असं काका सांगत. दुसऱ्या दिवशी आजोबांनी दाराला कुलूप घातलं आणि मुलांना घेऊन ते कायमचे चिपळूणला आले. काका तेव्हा नऊ वर्षांचे.

ऐंशी सालानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या शिमग्यात काका म्हणाले, "चल बाय, आपलं घर बघून येऊ." एसटीत त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. खेडला उतरताना मी ती हातात घेतली, तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोयती. मी पिशवी परत द्यायला नकार दिला. काकांनी डोळे वटारले, पण पिशवी मी सोडली नाही.

अंगणात पालखी नाचत होती, ढोल वाजत होते. आजोबांच्या त्या भावाचा मुलगा, म्हणजे काकांचे चुलतभाऊ भिकूकाका, हसत पुढे आले, ये म्हणाले. काकांनी त्यांच्या कानशिलात इतक्या जोरात मारली की ते पडवीच्या खांबावर आदळले. मग काका त्यांच्या छातीवर बसून मारत राहिले... ढोल थांबले. भिकूकाकांच्या कानातून रक्त ओघळून सदऱ्यावर आलं. त्यांची मुलं दांडकी घेऊन धावली, त्यांना भिकूकाकांनीच हात वर करून थांबवलं. मी पिशवी छातीशी घट्ट धरून उभी होते.

तेवढ्यात पालखी आमच्या कुलूपबंद दारापुढे येऊन थांबली. गुरव काकांना म्हणाला, "त्या भांडणापासून पयला मान ह्याच दाराचा. भिकूच्या बापसानच तसं ठरवलान. दरसाल भिकू हितं नारळ ठेवतो, तुमच्या नावान." काका उठले, दाराकडे न बघता अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर चालू लागले. त्या दिवसाबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत, की त्या गावी गेले नाहीत.

तेराव्याला भिकूकाका पोफळीला आले. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून बोलू लागले, तर त्यांनी मान वळवून उजवा कान पुढे केला. डाव्यानं तेव्हापासून ऐकूच येत नव्हतं. मी माफी मागितली. आजोबांवर झालेला अन्याय काकांना विसरता आला नाही, असंही म्हणाले.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "बाय, कोयती पयली तुज्या आज्यान उचललीन, माज्या बापसावर. हिसकावताना त्याचीच बोटं गेली."

काकांना हे माहीत नसणार, असं मी म्हणाले.

"ठावं व्हतं. आज्यान कोयती मागितलीन, ती आतून आप्पानच आणून दिलीन."

भिकूकाकांचा हात मी हातात घेतला. त्या भांडणाच्या दिवशी नऊ वर्षांच्या आप्पाचा हात कुणीतरी असाच धरायला हवा होता.