आयलीची दुसरी सही

आयली हेक्किनेन सव्वीस वर्षं अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, मार्क्वेटच्या एका वृद्धाश्रमात चादरी धूत होती. कुणाला नाही म्हणणं तिला जमायचं नाही. हात थरथरायला लागले तेव्हा मॅनेजरने एक कागद पुढे केला. तो घाईत होता, म्हणून तिने न वाचताच सही केली. काम झेपत नाही, स्वखुशीने जाते, असं त्यात होतं.

आजारपणामुळे आपल्याला काढलं, असा तिने आश्रमावर दावा लावला. आश्रमाने उलट अर्ज केला. बाईंची सहीच आहे, खटला चालवायचं कारण नाही.

मग कोर्टाचा कागद आला.

"आयलीबाई, या अर्जाचा निकाल एरवी ग्रँड रॅपिड्सचे मोठे जज देतात," वेलदोड्याचा पाव खात तिचा वकील, जुन्या शेजारणीचा मुलगा डेव्हिन म्हणाला. "तिकडे वर्ष जाईल. दोन्ही बाजू राजी असतील तर इथले मॅजिस्ट्रेट देतील, दोन महिन्यांत. समोरच्यांची सही झालीय."

"मग आण इकडे. ताटकळत कशाला ठेवायचं त्यांना?"

"अहो, वाचा तरी! मागच्या वेळी काय झालं?"

"तुझी आईपण अशीच खेकसायची."

तिने कागद तीन दिवस वाचला. संमती दिली नाही तरी तुमचं काही बिघडणार नाही, असं त्यात छापलं होतं. असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"हे मॅजिस्ट्रेट कच्चे आहेत का रे?" तिने फोनवर विचारलं.

"कच्चे नाहीत. पण यांची नेमणूक आठ वर्षांची, मोठ्या जजांची तहहयात. ते कुणाला दबत नाहीत. मी थांबलो असतो."

"तू थांबशील. तुझा आवाज शाबूत आहे."

हातांनंतर आवाज जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. दुकानात लोक आतापासूनच तिला 'काय म्हणालात?' असं दोनदा विचारायला लागले होते.

डाव्या हाताने उजवं मनगट धरून तिने सही केली. वाकडी आली.

सात आठवड्यांनी मॅजिस्ट्रेटनी आश्रमाचा अर्ज फेटाळला. पहिली सही खरी आहे, पण ती राजीखुशीने केली का, ते ज्यूरीने बाईंच्या तोंडून ऐकून ठरवावं.

डेव्हिन फोनवर ओरडतच होता. "जिंकलो, आयलीबाई! खटला चालणार! ऐकताय ना?"

"म्हणजे मला उभं राहून बोलायचंय?"

"हो. सगळ्यांसमोर."

तिने घसा खाकरला.

"किती वेळ बोलू देतील?"