दोघींचं गुंतवळ

कौशल्याला प्रेमलताचे केस पाहवत नसत. सकाळी आठच्या सुमारास प्रेमलता न्हाणीसमोरच्या ओट्यावर उन्हात बसायची, कमरेखाली जाणारे केस पुढे ओढून घ्यायची आणि टोकापासून वर सोडवत आणायची. कौशल्या तेव्हा मुद्दाम पाठ करून पोळ्या लाटायची. पण फणीचा आवाज पाठ केली तरी ऐकू येतोच.

प्रेमलता तिची धाकटी जाऊ. मस्कासाथ वस्तीतल्या एकाच घरात दोघींची स्वयंपाकघरं दोन, न्हाणी एक. पूर्वी विंचरायला दोघी सोबत बसत, आणि गल्लीतल्या बाया कौशल्याच्या वेणीकडे बघत. प्रेमलताच्या वेणीचा नंबर दुसरा. कुणी तसं बोललं नव्हतं, पण दोघींना ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी कौशल्याच्या कानामागे रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली. चाई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, शरीरच केसांच्या मुळांवर उलटतं, हे कुणाला लागत नाही, केस परत येतील की नाही ते सांगता येत नाही. तिनं डोक्यात सुया टोचून घेतल्या, मलमं चोळली. दिवाळीला एक चाई होती, संक्रांतीला दहा. होळीपर्यंत डोकं, भुवया, पापण्या, सगळं गेलं.

भुवया कशासाठी असतात हे तिला तेव्हा कळलं. ती इतवारीत मिरचीच्या गोदामात देठ खुडायला जाते. आधी घाम भुवईवर अडायचा. आता मिरचीची धूळ घेऊन सरळ डोळ्यांत उतरू लागला. तिनं कपाळाला फडकं घट्ट बांधलं आणि खुडत राहिली. तिचं पोतं एकही दिवस कमी भरलं नाही. एका बाईनं तिच्यासाठी पाण्याचा गिलास वेगळा काढला, तेव्हा कौशल्या म्हणाली, "माहे केस गेले वं, तुह्या गिलासात नाई पडले." पुन्हा गिलास वेगळा निघाला नाही.

गोदाम तिनं निभावलं. घरातला ओटा निभावेना.

विंचरताना निघालेले केस त्या घरातल्या बाया टाकत नसत. बोटाला गुंडाळून गुंतवळ साठवायचं, केसांवर भांडी देणारी फेरीवाली आली की एखादी वाटी घ्यायची. प्रेमलताचं गुंतवळ न्हाणीच्या दारामागे बिस्किटांच्या डब्यात जमायचं. कौशल्याच्या केसांनी त्या एका हिवाळ्यात उशीचा अभ्रा भरला. फेरीवालीनं तो हातात तोलून मोठं पातेलं देऊ केलं. कौशल्यानं अभ्रा तिच्या हातातून ओढून घेतला आणि पेटीत ठेवला.

यंदा तिच्या मुलीचं, रितिकाचं जमलं. मुलगा बुटीबोरीला कारखान्यात. साखरपुडा अक्षय तृतीयेनंतरचा ठरला.

"आई, स्कार्फ बांध नं. त्यायले मी सांगून ठेवलं आहे सगळं," रितिका म्हणाली.

"तुही काकू वेणी झुलवत फिरन, अन् मी फडकं बांधून? माह्या केसांनी उभी राहीन मी."

कौशल्या अभ्रा घेऊन कुसुमताईंकडे गेली. कुसुमताई इतवारीच्या एका बोळात गंगावनं आणि झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांसाठी केसांचे टोप विणतात. त्यांनी अभ्र्यात हात घातला आणि मान हलवली.

"हे गुंतवळ आहे, बाई. कोणाचं मूळ वर, कोणाचं खाली. असंच विणलं तं आठ दिवसांत जटा होईन. एकेक केस सोडवा लागते. तेवढा वेळ माह्यापाशी नाई."

"मी सोडवतो. मूळ कसं ओळखायचं तेवढं सांगा."

कुसुमताईंनी एक केस दोन बोटांत धरून चोळला. तो आपोआप एका बाजूला सरकत गेला. "जिकडं सरकला, तिकडं मूळ. अन् मधात तुटलेला घेऊ नका, तो कामाचा नसते. दर साली थोडी भर घालावी लागन, हे आत्ताच सांगून ठेवतो."

डिसेंबरपासून कौशल्या रोज गोदामातून आली की हात बेसनानं दोनदा धुवायची आणि आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली बसायची. दार लोटून, प्रेमलताला दिसायला नको. दोन तासांत काडीएवढी जुडी व्हायची. मुळं एकीकडे, टोकं एकीकडे, वर दोऱ्याची गाठ. हातात राहिलेला मिरचीचा जाळ पापण्या नसलेल्या डोळ्यांना लागायचा. ती डोळे धुवायची आणि पुन्हा बसायची.

होळीला अभ्रा रिकामा झाला. कुसुमताईंनी जुड्या पाहिल्या. काम चोख होतं, माल कमी होता.

"समोरचं डोकं झाकन, मागचं उघडं राहीन. विकतचे मिसळू?"

"नाई," कौशल्या म्हणाली. "आणतो आणखी."

त्याच दिवशी तिनं बिस्किटांचा डबा उघडला. आधी चिमूटभर घेतलं. मग मूठभर. तिला एवढे आहेत, तिला काय कमी पडणार, असं मनाशी म्हणत उरलेलं गुंतवळ ती बोटांनी फुलवून ठेवायची, म्हणजे डबा भरलेला दिसेल. चोरीचं तिला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. पण त्या केसांनाही तिनं तेवढीच मेहनत दिली. मूळ, टोक, दोरा. एकही जुडी घाईनं बांधली नाही.

चूक दुसरीच झाली. प्रेमलता मेंदी लावायची. ट्यूबलाइटखाली सगळे केस काळेच दिसले होते. कुसुमताईंनी जुड्या दारात नेऊन उन्हात धरल्या, तर निम्म्या लालसर चमकल्या.

"दोन डोक्यांचे आहेत."

कौशल्यानं एक लालसर जुडी बोटांत फिरवली.

"वेगळे करू?"

"वेगळे केले तं?"

"तं अर्धा टोप."

कौशल्यानं लालसर जुड्या काळ्यांच्या खाली सारल्या. "मिसळा," ती म्हणाली. "काळे वर घ्या, लाल आत."

साखरपुड्याच्या दिवशी टोप नीट बसला. पेन्सिलीनं भुवया काढल्या, अंबाडा घातला. होणाऱ्या विहीणबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "रितिकानं सांगितलं होतं. हे केस तुमचेच?"

"माहेच. पडले तसे जपून ठेवले होते."

मग फोटोवाल्यानं सगळ्यांना बाहेर उन्हात उभं केलं. प्रेमलता अंबाड्यावर फुलांची वेणी माळायला मागं आली आणि तिचे हात थांबले.

"बाई, मेंदी कधीपासून लावून राहिल्या?"

कौशल्यानं हात मागे नेऊन अंबाडा झाकला.

"डब्बा खाली होऊन राहिला तं मले वाटलं, उंदीर आहे," प्रेमलता तिच्या कानाशी म्हणाली. "मंग पाह्यलं, उंदीर वरून फुलवून ठेवते. फेरीवालीले दोनदा वापस पाठवलं मी. अन् तवापासून दोनदा विंचरून राहिली, सकाळी अन् दुपारी."

ती भांडली असती तर कौशल्याला सोपं गेलं असतं. पाच महिने आपण डोळे जाळले, आणि ही बसल्या जागी फणी फिरवून पुढं निघाली.

"तुहे केस मी सोडवले," ती दात दाबून म्हणाली. "एकेक. मेहनत माही आहे."

"मी कुठं नाई म्हणून राहिली?" प्रेमलतानं पिन खोचली. "पण चमकून राहिले ते माहे आहेत, बाई."

"विहीणबाई, काय झळाळी आहे हो केसांना!" समोरून मुलाच्या आईचा आवाज आला. दोघी जावा एकदमच हसल्या. फोटो निघाला.

तो फोटो आता भिंतीवर आहे. कौशल्याची नजर दरवेळी आधी अंबाड्यातल्या लाल कडेवर जाते, मग मुलीवर.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला प्रेमलता ओट्यावर बसली. फणीचा आवाज सुरू झाला. कौशल्यानं लाटणं थांबवलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच मान वळवून पाहिलं. केस उन्हात कमरेखाली लोंबत होते. अजूनही पाहवत नव्हतं, पण तिनं पाठ केली नाही.

"जोरात ओढू नको वं," ती म्हणाली. "मधात तुटलेला कामाचा नसते."