हरभऱ्याच्या वावरात, फोकस विझवून

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी यवतमाळच्या गच्चीवर गल्लीतल्या बायका जमवून त्यांना उल्का दाखवायला निघाले होते. अंगात बी.एस्सी.चा तोरा आणि हातात सासऱ्यांची दुर्बीण. चिमूटभर आभाळ दाखवणाऱ्या त्या नळकांड्याला डोळा लावून ही शहाणी रात्रभर बसली. बायका "ती पाहा, गेली" म्हणायच्या, आणि मी दुर्बीण तिकडे वळवीपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं. पहाटे मला दिसली ती शेजाऱ्यांची पाण्याची टाकी.

पुढे मुलं झाली, नातवंडं झाली, डोळ्यात मोतीबिंदूही झाला. उल्का राहूनच गेली. यंदा डोळ्यात नवं भिंग बसलं. डिसेंबरच्या मध्यावर मिथुन राशीकडून उल्का येतात, आणि या खेपेला चंद्रही लवकर मावळणार होता. मी पिशवी भरली आणि घाटंजीकडची जीप पकडली.

"आजी, मुक्काम हाय काय जी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"तारे पाहायला चालले."

"यवतमाळात नाही निंगत काय?"

"निघतात, पण तुमच्याकडे जास्त निघतात म्हणे."

त्यानं काच खाली करून आभाळाकडे पाहून घेतलं. दुपारचे दोन वाजले होते.

घाटंजीच्या पुढे कमलचं गाव. कमल माझी शाळेतली मैत्रीण. नवरा गेल्यापासून हरभऱ्याची जागल (रात्रीची राखण) तीच करते. तिनं भाकर आणि सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी वाढली. भाजी इतकी झणझणीत की नव्या भिंगाची पहिली परीक्षा तिथंच झाली.

रात्री वावरात बाज टाकली. खांबावर मोठा फोकस जळत होता. मी म्हटलं, "हा विझव ना."

"काहून?"

"उजेडात उल्का दिसत नाहीत."

"अन् डुकरं? हरभऱ्याचे घाटे भरून राह्यले, सुमे. मागच्या साली एका रातीत अर्धं वावर लोळवलं त्यायनं."

मी बाजेवर कूस वळवून पडले. मी रुसले की काय होतं, हे कमलला चौथीपासून माहीत आहे. थोड्या वेळानं तीच उठली.

"तोंड नको पाडू. घटकाभर पाह्य, मंग लावतो," म्हणत तिनं खटका दाबला. हाकलायचं डबडं आणि काठी मांडीवर घेऊन ती माझ्याशेजारी बसली.

आधी नुसता काळोख. मग डोळे सरावले आणि आभाळ खाली उतरत थेट धुऱ्यापर्यंत (वावराच्या बांधापर्यंत) आलं. इतके तारे होते की ओळखीचे सापडेनात. एवढ्यात डोक्यावरून एक उल्का निघाली आणि हिरवट पांढरी रेघ ओढत टेकडीमागे गेली. मी आवाजाची वाट पाहत राहिले. एवढी मोठी गोष्ट घडली आणि कुठे खुट्ट नाही. मग दुसरी. मग दोन जोडीनं. एकीच्या मागे धूर रेंगाळला, तो विरेपर्यंत मी श्वास घेतला नसावा. कमलही मान वर करून बसली होती. घटका केव्हाच सरली होती.

मग हरभऱ्यात घुरघुर झाली, काहीतरी कराकरा मोडलं. कमल उठली, फोकस लागला, डबडं वाजलं आणि चार-पाच काळ्या पाठी धुऱ्यापलीकडे पळाल्या.

सकाळी पाहिलं तर वावराचा एक कोपरा नांगरल्यासारखा उकरलेला होता. आडव्या झाडांवर दव होतं.

तुम्हाला उल्का पाहायच्या असतील तर चंद्र नसलेली रात्र निवडा, गावापासून लांब जा, अर्धा तास उजेडाकडे पाहू नका आणि उताणे पडून राहा. बाकी काही लागत नाही. फक्त कुणाच्या राखणीचा दिवा विझवून पाहू नका, असं घरी जाऊन लिहायचं मी तेव्हाच ठरवलं होतं. पण जीपजवळ मी कमलचा हात धरून म्हटलं, "माझ्या हौसेपायी तुझं नुकसान झालं गं." तिनं जीप सुरू होईपर्यंत थांबून, खिडकीशी वाकून, हळूच सांगितलं:

"मले डुकरायचा आवाज पहिलेच आलता, सुमे. उठतच होती, तं एक मोठी गेली. म्हटलं, आखीन एक पाहू, मंग उठू."