माझ्या वर्गात बसलेला कारखानदार

नव्या इमारतीत शिरला की तो आधी बोटाच्या पेराने भिंत ठोकायचा आणि कानडी वळणाने म्हणायचा, "सरी, ठीक, घट्ट आहे." बरोबरचे प्राध्यापक लगेच कौतुकाने हसायचे. देणगीदाराच्या विनोदाला लोक किती तत्परतेने हसतात, ते तुम्हीही पाहिलं असेल.

चामराजपेटच्या शाळेत तो आणि मी एका बाकावर बसायचो. पहिला नंबर माझा. वडील गेल्यावर त्याने सातवीतच शाळा सोडली आणि मामांच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहिला. पुढे पाण्याच्या पंपांचा स्वतःचा कारखाना, मल्लेश्वरमला बंगला. सगळं गाव त्याला अण्णा म्हणू लागलं. मी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत होतो.

प्रयोगशाळेसाठी मी कित्येक वर्षं अर्ज करत होतो. त्याने कुलगुरूंबरोबर एकदा कॉफी घेतली आणि दुमजली इमारत उभी राहिली. उद्घाटनाला माझे विद्यार्थी त्याच्या पाया पडले. मी टाळ्या वाजवल्या, पण आतून जळत होतो. आमची ही घरी येईपर्यंत त्याच्या साधेपणाबद्दलच बोलत होती.

त्याच दिवशी तो मला म्हणाला होता, "एकदा तुझ्या वर्गात बसू दे रे."

"तुला काय कळणार?"

"न कळू दे. बसतो."

मंगळवारी आला. शेवटच्या बाकावर, कोट मांडीवर, हातात कोरी वही. मी ठरलेला धडा बाजूला ठेवला, सर्वांत अवघड समीकरणं काढली आणि भराभर फळा भरत गेलो. मुलंही गोंधळली. तो मान खाली घालून लिहीत राहिला.

तास संपल्यावर म्हणाला, "स्वल्पसुद्धा कळलं नाही. पुढच्या मंगळवारी येऊ?"

"परीक्षा होऊ देत. बघू."

त्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं.

परीक्षा व्हायच्या आतच तो हृदयविकाराने गेला. भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी ती वही माझ्या हातात दिली.

"रोज कारखान्यातल्या इंजिनिअरांना दाखवायचे," त्या म्हणाल्या. "ते म्हणायचे, अण्णा, हे जुळत नाही, कुठंतरी चुकलंय. यांचं एकच, माझ्या मित्राने लिहिलंय, तो चुकायचा नाही, तुम्हीच नीट बघा."

घरी येऊन वही उघडली. तिसऱ्याच ओळीत, घाईघाईत, मी उणे चिन्ह टाकायचं विसरलो होतो. त्याखालची चार पानं त्याने वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता, उतरवून घेतली होती.