मुक्या सिनेमातलं पद

तुरीच्या ओल्या शेंगांचा वास आला का मले ती दुपार आठवते. बारा वर्षं झाली. मी अन् माझी बायको कमला ओसरीत शेंगा सोलत बसलो होतो. तिनं पुन्हा तिच्या बापाची गोष्ट काढली. सासरे नाटकात बाईचे पार्ट करत, मग मुक्या सिनेमात गेले. तिथं आवाज ऐकू येत नाई, तरी त्यांनी कॅमेऱ्यापुढं अख्खं पद गायलं.

"डायरेक्टर म्हणे, बुवा, नुसते ओठ हलवा. बाबा म्हणे, खोटं तोंड हलवाले मी काय बकरी आहो?"

ती एकटीच हसली. मी दरवेळी तिले इथंच थांबवत आलो होतो.

"पुरे कर वं."

"मग काय झालं ते तरी ऐका."

"उद्या सांगजो."

तेव्हा वाटलं, दिवस काय पळून जातात? संध्याकाळी तिले अटॅक आला अन् ती गेली.

सकाळी वडनेरहून साळा आला. तिरडी बांधून राह्यले होते. मी त्याले बाजूले घेतलं अन् विचारलं, "बाबांनी पद गायलं, मग काय झालं?"

तो डोळे पुसत म्हणाला, "मले नाई माहीत, भाऊजी. ते कमलाबाईलेच ठाऊक होतं."