हॅरल्डसाहेबांचा मान

वारूळवाडीच्या दादाभाऊंना इंग्रजी येत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. येत होतं, फक्त ते इंजिनांच्या पार्टबुकातून आणि बँकेच्या अर्जांतून आलेलं होतं. त्यामुळे नटबोल्टांच्या बाबतीत ते अचूक असायचे आणि बाकी ठिकाणी 'आय बेग टु स्टेट' म्हणून गाडी पुढे रेटायचे. चाळीस वर्षं त्यांनी डिझेल इंजिनं दुरुस्त केली. शिवाय एक बिनपगारी कामही त्यांच्याकडे होतं. लग्नात कुणी पाहुणा रुसला, की त्याची समजूत काढायला दादाभाऊंनाच बोलावणं यायचं.

मी भगवंत. नारायणगावात माझं सायबर कॅफे होतं. तीन कॉम्प्युटर, एक पंखा. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेलो, म्हणून इंग्रजीत माझा शब्द शेवटचा, असं निदान मी तरी समजत होतो. डोकं मात्र लवकर तापतं. ते अजूनही तसंच आहे.

दोन हजार सहा साली एका दुपारी दादाभाऊ कॅफेत आले. उजव्या मनगटाला हळदीचा लेप आणि वर फडकं.

"भगवंता, इंग्लंडात कुनाला तरी इचारायचंय."

झालं होतं असं. घाटघरच्या सखूबाईंची पिठाची गिरणी होती. तिथे लाइट असून नसल्यासारखी, म्हणून गिरणी चालायची ती साहेबाच्या काळातल्या एका इंजिनावर. ज्या इंग्रजी कारखान्यात ते बनलं, तो कधीच बंद पडलेला. इंजिन बिघडलं, दादाभाऊंनी ते उतरवून वारूळवाडीला आणलं आणि आठ दिवसांत देतो म्हणून शब्द दिला. त्या शब्दाला आता दीड महिना झाला होता. इंजिन उघडून, घासून, जोडून झालं. पण आत डिझेल नेमकं कधी सुटायला हवं, त्याची चाकावरची खूण झिजून गेली होती. अंदाजाने लावलं, की हँडल उलटं फिरून मनगटावर बसायचं. तिकडे घाटघरच्या बाया नाचणीची गाठोडी डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावाला दळायला चालत जात होत्या.

"बायामान्सं आपल्यापायी पाय तुडवत्यात," दादाभाऊ म्हणाले. "मला जेवान जात न्हाई."

जुनी इंजिनं सांभाळणाऱ्या हौशी लोकांची एक साइट मी शोधून काढली. मजकूर मी लिहितो म्हटलं, तर त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं. "इंजिन माझं, हात माझा मोडलाय. तू काय लिव्हनार?" एका बोटाने पाऊण तास टायपून त्यांनी चार ओळी लिहिल्या. रिस्पेक्टेड सरपासून सुरुवात होती आणि मध्ये 'इंजिन इज बीटिंग मी डेली' असं एक वाक्य होतं. मला ते बदलायचं होतं. पण खरं सांगायचं, तर परिस्थिती तंतोतंत तशीच होती.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. हॅरल्ड नावाच्या गृहस्थाने लिहिलं होतं की ही इंग्रजी साइट आहे, आणि चार ओळींत अकरा चुका आहेत. पुढे अकराही चुका नंबर घालून दिल्या होत्या. इंजिनाबद्दल अवाक्षर नाही.

मग तिथे जुंपली. एका बाईंनी लिहिलं, परक्या भाषेत लिहिणाऱ्या माणसाला असं बोलू नये. हॅरल्डने त्यांच्याही वाक्यात एक चूक काढली. एकजण म्हणाला, शिस्त हवीच. दुसऱ्याने त्याची अक्कल काढली. दोन दिवसांत तीन पानं भरली, सगळे दादाभाऊंच्या इंग्रजीवर तावातावाने बोलत होते, आणि डिझेल कधी सोडायचं ते एकानेही सांगितलं नाही.

माझं डोकं फिरलं. त्या हॅरल्डला असं इंग्रजी ऐकवतो की जन्मभर आठवण ठेवेल, असं ठरवून मी बसलो आणि दोन परिच्छेद लिहिलेही. दादाभाऊंनी ते मराठीत सांगायला लावले आणि मग शांतपणे मशीनच बंद केलं.

"भांडून इंजिन चालू व्हतं का? ह्यो मानूस चिडका न्हाई. रुसलेला हाये."

"रुसायला काय झालं त्याला?"

"आरं, गेल्या साली कळंबला लग्नात त्या गेणभाऊनं बुंदी कडक हाये म्हनून ताट सारलं. बुंदी चांगली व्हती. पत्रिकेत त्याचं नाव राहिलं व्हतं. मी माइकवरनं नाव पुकारलं, टावेल-टोपी दिली. मंग तीच बुंदी चार येळा घेतली त्यानं. जो बारीकसारीक चुका काढतो ना, त्याच्या बाबतीत मोठी चूक दुसऱ्यानं केलेली आसती. बघ, ह्याचं नाव कुठल्या पत्रिकेत राहिलंय का."

मी हसलो. इंग्रज माणूस, त्याची कसली पत्रिका! पण दादाभाऊ हलेनात, म्हणून हॅरल्डने त्या साइटवर आजवर लिहिलेलं सगळं उलट क्रमाने वाचत बसलो. दोन वर्षं नुसत्या लोकांच्या चुका. त्याआधी मात्र वेगळाच हॅरल्ड निघाला. इंजिनांवर पानंच्या पानं लिहिणारा, नवख्यांना धीर देणारा. आणि मधोमध, दोन हजार चारच्या उन्हाळ्यात, त्यांच्या इंजिनांच्या मेळाव्याची आभाराची यादी होती. बेचाळीस नावं. चहा करणाऱ्या बाईंचं होतं, तंबूवाल्याचं होतं. मेळावा ज्याने सुरू केला, त्या हॅरल्डचं नव्हतं.

मी दादाभाऊंना ती यादी वाचून दाखवली. ते उठले. टॉवेल, टोपी आणि नारळ आणायला थेट बाजारात गेले.

वर्कशॉपमध्ये टेबलावर स्वच्छ कापड टाकलं. दर आठवड्याप्रमाणे सखूबाई एसटीने चौकशीला आल्याच होत्या, त्यांनी नारळाला हळदकुंकू लावलं. "पावणं कोन हायेत?" त्यांनी विचारलं. "तुमच्या गिरनीचं डॉक्टर," दादाभाऊ म्हणाले. मागे इंजिन, पुढे मानाचं ताट, शेजारी हात जोडून दादाभाऊ, असा फोटो मी काढला आणि साइटवर चढवला. खाली त्यांनी स्वतःच्या इंग्रजीत लिहिलं, की अकरा चुका दाखवल्याबद्दल आभारी आहे, मेळावा सुरू करणाऱ्या माणसाचा पहिला मान असतो, तो राहिला होता, तो आमच्या वारूळवाडीतर्फे स्वीकारावा. त्यात निदान पंधरा चुका होत्या. मी एकही सुधारली नाही. माझा हात शिवशिवत होता, हे कबूल करतो.

चार दिवस हॅरल्ड गप्प. दादाभाऊ रोज येऊन बघायचे आणि परत जायचे. मला वाटलं, हॅरल्ड जास्तच बिघडला. पाचव्या दिवशी मात्र भलंमोठं पत्र आलं. पहिल्याच ओळीत माप होतं: पिस्टन वरच्या टोकाला येण्याआधी, चाकाच्या कडेवर मोजून सव्वाचार इंच. मग दोन पानं कारणं. आणि शेवटी, दोन वर्षांत आपल्याला इथे कुणी धन्यवाद दिलेले नाहीत, इंजिन सुरू झालं तर एकदा त्याचा आवाज ऐकायला आवडेल, आणि फोन नंबर.

सव्वाचार इंचावर खडूची रेघ मारली. दादाभाऊंनी डाव्या हाताने हँडल मारलं. इंजिनाने एक उचकी दिली आणि असं काही धडधडायला लागलं, की सखूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. न्यायला आणलेला टेम्पो दारातच उभा होता.

मी वर्कशॉपमधून इंग्लंडला फोन लावला, नाव सांगितलं आणि रिसीव्हर दादाभाऊंकडे दिला. त्यांनी तो इंजिनासमोर धरला. तीन मिनिटं ते तसेच उभे होते. मग मी रिसीव्हर घेऊन वायर पुरेल तितका बाहेर गेलो. हॅरल्डचा आवाज बारीक आणि थकलेला होता. एकच वाक्य बोलला.

"काय म्हनतो?" दादाभाऊंनी आतून विचारलं.

मला पुन्हा राग आलेला. "एक्झॉस्टच्या झडपेचा टॅपेट सैल वाजतोय म्हणतो! तुमच्या हातच्या कामाला! या माणसाला एवढं करून चांगलं म्हणता येत नाही!"

दादाभाऊंनी इंजिन बंद केलं, पान्हा घेतला आणि टॅपेट हलवून बघितला. सैल होता. ते खालीच बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"चाळीस वर्सांत माझ्या कामात कुनी चूक काढली न्हाई रं, भगवंता. काढनारा व्हताच कुठं इथं?"

मग त्यांनी टॅपेट घट्ट केला, इंजिन पुन्हा सुरू केलं, आणि माझ्या हातातला रिसीव्हर घेऊन त्यांनी तो परत त्याच्यासमोर धरला.